कोंडीराम कोंबडी करून दाखवतो

भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा कोंडीराम गवारे अंगानं उंच, मानेनं लांब आणि बोलायला फार कच्चा होता. गोष्ट डोक्यात तयार असायची, पण तोंडापर्यंत येता येता वाटेत कुठंतरी बसून राहायची. कारखान्यातल्या गणपतीत एकदा त्याला नाटकात हवालदाराचं काम दिलं. वाक्य एकच होतं, "चोर कुठं गेला?" कोंडीराम पुढं आला, समोर बसलेली माणसं बघितली, आणि चोर ज्या बाजूनं पळाला होता त्याच बाजूनं आपणही पळून गेला. पुन्हा त्याला कुणी काम दिलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही.

घर मोशीला. घरात आई गिरजाबाई आणि बायको कस्तुरा. अडुसष्ट-एकोणसत्तर साली त्या अंगाला इंग्लिश कोंबड्यांचं वारं शिरलं. गावठी कोंबडी मनाला येईल तेव्हा अंडं घालायची आणि मनाला येईल तेव्हा खुडूक होऊन बसायची. ह्या पांढऱ्या कोंबड्या मात्र कामगारासारख्या रोज हजेरी लावतात असं लोक सांगत. पिंपरी-भोसरीच्या कँटीनना अंडी पुरत नव्हती. कस्तुरानं विषय काढला.

"तुमी शिफ्टला गेला की मला आत्याबाईंशी भांडण्याबिगर दुसरं काम न्हाई," ती म्हणाली. "कोंबड्या आणा."

कोंडीरामला दोन्ही बाजूंनी हे पटलं. गोठ्याला लागून जाळीची शेड उभी राहिली, खाली भाताचं तूस पसरलं, आणि पिवळी पिल्लं बघता बघता पांढरीधोप झाली. गिरजाबाईंचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "कोंबड्या हायेत का परटाची धुणी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. त्यांचा सगळा विश्वास काडेचिराईतावर होता. घरात कुणी शिंकलं, जेवला नाही, जास्त जेवला, उशिरा उठला, की गिरजाबाई काडेचिराईताचा कडू काढा घेऊन समोर उभ्या. नकोच म्हणायचं तर घर सोडावं लागे.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एके दिवशी एक कोंबडी मान फिरवून आभाळाकडं बघायला लागली. तिच्या पाठोपाठ दुसरी. शेजारी म्हणाले, वर घार असंल. वर घार नव्हती. कस्तुरानं मान फिरलेली कोंबडी पिशवीत घातली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "पिंपरीला जनावरांचा नवा डॉक्टर आलाय म्हणं. दावून या."

एस.टी.च्या कंडक्टरनं पिशवी हलताना बघितली.

"जिवंत हाय का मेल्याली?" त्यानं विचारलं.

"अजून ठरलं न्हाई," कोंडीराम खरं तेच म्हणाला.

"मग टपावर टाका. ठरंल तवा सांगा."

पिशवी टपावर गेली. नाशिक फाट्याला कोंडीराम उतरला, शिडीकडं वळला, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी कोंबडी घेऊन पुण्याला निघून गेली. कोंडीराम थोडा वेळ गाडीच्या धुराकडं बघत राहिला आणि मग चालत पिंपरीच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर खांबेटे मूळचे कोकणातले. बुटके, जाड भिंगाचा चष्मा लावणारे आणि मनानं चांगले, पण वेळ घालवलेला त्यांना खपत नसे. हाताशी भिवा नावाचा पट्टीबंधक होता. तो म्हशीच्या शेपटीपासून डॉक्टरांच्या चहापर्यंत सगळं सांभाळी.

"पक्षी कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुण्याला गेला."

"कशाला?"

कोंडीरामनं तोंड उघडलं, पण आतून काही येईना. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, निदान होतंय काय ते तरी सांगा."

कोंडीरामनं पुन्हा प्रयत्न केला. "ती... अशी..." म्हणाला, आणि शब्द संपले. मग कसा कोण जाणे, त्याचा एक हात पंखासारखा खाली लोंबला. गुडघे वाकले. ती लांब मान हळूहळू खांद्यावरून मागं फिरली, डोळे छताला लागले, आणि कोंडीराम मागं-मागं जात स्वतःभोवती गोल फिरायला लागला. फिरता फिरता तोल गेला, एका कुशीवर पडला, उजवा पाय थरथरला. भिवाच्या हातातली बादली तशीच राहिली. बाहेर बैल घेऊन आलेला एक म्हातारा आत डोकावला आणि बैलाला घेऊन दोन पावलं मागं सरला.

डॉक्टर खांबेटे खुर्चीवरून उठले. "श्वास कसा घेते?"

कोंडीरामनं जमिनीवरूनच चोच उघडली, म्हणजे तोंड उघडलं, आणि घशातून एक बारीक घरघर काढली.

"मानमोडी दिसते," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनाच आपलं बोलणं खटकलं. "पण हे बघा, मी नाटकावर औषध देत नाही. उठा. मी येतो तुमच्याकडं."

डॉक्टर स्कूटरवरून मोशीला आले, एक मेलेली कोंबडी फाडून बघितली, आजारी कोंबड्या बघितल्या. मानमोडीच होती. आजारी पक्षी वेगळे काढले, मेलेले चुना टाकून खोल पुरले, चांगल्या होत्या त्यांना लस टोचली. काही गेल्या, पण बऱ्याचशा वाचल्या. जाताना डॉक्टर जाळीपाशी थांबून एका मान फिरलेल्या कोंबडीकडं बघत राहिले आणि भिवाला हळूच म्हणाले, "याची मान जास्त चांगली होती."

ही बातमी भिवानंच फोडली. पुढच्या बाजारापर्यंत ती चाकणला पोचली. चिंबळीचा ज्योतीराम नावाचा एक कोंबडीवाला दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, माझ्या कोंबड्यांचं काय सांगताच येईना. जरा येऊन बघा, आन डॉक्टरला करून दावा."

कोंडीराम गेला. शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून कोंबड्यांकडं बघत राहिला. सुट्टीचा सगळा दिवस बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पिंपरीला जाऊन त्यानं एक पाय पुढं आणि एक पाय मागं ताणून जमिनीवर बैठक मारली, ती इतकी हुबेहूब की डॉक्टरांनी ताबडतोब तो पक्षी मागवून तपासला, आणि लकव्याचा आजार निघाला. मग भोसरी, दिघी, कुरुळी सगळीकडून बोलावणी यायला लागली. लोक पिशवीत पक्षी आणत आणि पक्ष्याबरोबर कोंडीरामला आणत. पिशवीतली कोंबडी दवाखान्यात आली की भिऊन शहाण्यासारखी गप्प बसायची. काय होतंय ते कोंडीरामनंच दाखवायचं. डॉक्टरांनी मग एक नियम केला. आधी कोंडीरामला बघायचं, मग पक्षी तपासायचा, आणि पक्षी सांगेल तेच खरं धरायचं. दोघांचं जमलं की डॉक्टर मान डोलवत. नाही जमलं की म्हणत, "कोंडीराम, आज सूर लागला नाही." कोंडीराम त्या दिवशी घरी जेवत नसे.

एकदा दिघीच्या पिल्लांना रक्ताची हगवण लागली. कोंडीराम नेहमीप्रमाणे दवाखान्याच्या मधोमध उभा राहिला, खांदे पाडले, डोळे मिटले आणि हळूहळू खाली बसायला लागला.

"ते नका दाखवू," डॉक्टर घाईनं म्हणाले. "ते मी समजून घेतो."

घरी मात्र त्याचं कौतुक नव्हतं. जेवताना तो मध्येच मान झटकी. पाणी पिताना नाकातून बुडबुडे काढून बघे. कस्तुरानं एकदा हाक मारली तर अंग फुगवून, डोळ्यांवर पापण्या ओढून तसाच बसून राहिला.

"हे काय आता?" तिनं विचारलं.

"ज्योतीरामच्या कोंबडीला सर्दी झालीया."

"मग ज्योतीरामच्या घरी जाऊन शिका. हितं भाकरी निवतीया."

गिरजाबाईंना ही बाधा वाटली. त्यांनी काडेचिराईत दुप्पट केलं. कारखान्यातही एकदा फोरमननं त्याला लेथपाशी एका पायावर उभं असलेलं पकडलं आणि थेट कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं गुडघा ठोकून बघितला, थकवा आलाय म्हणून लिहिलं आणि चार दिवस रजा दिली. ती रजा कोंडीरामनं कुरुळीच्या शेडमध्ये काढली.

सगळ्यात मोठा गोंधळ बहात्तर सालच्या थंडीत झाला. कोंडीराम सायकलवरून पडला, आणि सकाळी उठला तर मान एका बाजूला धरलेली. तशीच वाकडी मान घेऊन तो लस आणायला पिंपरीला गेला. डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी त्याला फाटकातून येताना बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"भिवा, पेटी काढ," ते म्हणाले.

"डॉक्टरसायेब, माझी..." कोंडीराम बोलायला गेला.

"थांबा. बोलू नका, बघू द्या. इकडं चाला. आता तिकडं. मान सकाळपासून अशी?"

"व्हय, पण ती..."

"कोंबडी बोलत नसते, कोंडीराम. डोळा मिटतो का? मिटून दाखवा."

कोंडीरामनं डोळा मिटला. दुखत असल्यानं तो चांगलाच मिटला. डॉक्टर म्हणाले, मोशीला पुन्हा मानमोडी शिरली, नाशिक रस्त्यावरच्या सगळ्या शेड धोक्यात आहेत. भिवानं पेटी बांधली, भोसरीला आणि दिघीला सायकलवाले धाडले, आणि डॉक्टर कोंडीरामला स्कूटरवर मागं बसवून निघाले. वाटेत कोंडीरामनं काहीतरी सांगायचा तीनदा प्रयत्न केला, पण मान डावीकडं वळलेली, तोंडातलं सगळं रस्त्याकडच्या बाभळींनी ऐकलं.

मोशीला कोंबड्या ठणठणीत होत्या. टपाटप दाणे टिपत होत्या. डॉक्टरांनी एकेक पक्षी उचलून बघितला. शेवटी कमरेवर हात ठेवून वळले.

"कुठली कोंबडी करून दाखवत होतात तुम्ही?"

"कुठलीच न्हाई. ही माझी मान हाय. काल सायकलवरनं पडलो."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमीच म्हणला, कोंबडी बोलत नसती."

डॉक्टर तुसावर तसेच मटकन बसले आणि बराच वेळ हसत राहिले. हसताना चष्मा पडला, तो एका कोंबडीनं टोचून बघितला. आत स्वयंपाकघरात कस्तुरानं तेल गरम करायला ठेवलं. तिकडं भोसरी-दिघीच्या लोकांनी तोवर लशीसाठी रांग लावली होती, आणि लस तशीही द्यायचीच होती, तेव्हा कुणाचं नुकसान झालं नाही. डॉक्टरांनी ते कागदावर 'मोहीम' म्हणून दाखवलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र खरंच अवघड वेळ आली. कोंडीरामच्या कोंबड्यांनी अंडी कमी केली. आधी थोडी, मग निम्मी, मग तर टोपलीचा तळ झाकेना. आजार कुठलाच नव्हता. डॉक्टर येऊन गेले. पक्षी फाडून बघितले, जंत नाहीत, उवा नाहीत, खाद्य चांगलं, उजेड पुरेसा. पाण्याचं विचारलं तर कस्तुरा म्हणाली, विहिरीचं हाय, आमी तेच पितो. डॉक्टर डोकं खाजवत परत गेले. कोंडीरामनं कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोंबडी करून बघितली, पण करायला काही लक्षणच नव्हतं. निरोगी कोंबडी करून कोण काय बघणार.

शेवटी डॉक्टरांनीच निरोप पाठवला. "रविवारी या. आजार करू नका. सकाळपासून कोंबडी जशी वागते तशी सगळी करून दाखवा. काही गाळू नका."

कोंडीराम दोन दिवस रजा काढून शेडमध्ये बसला आणि मग रविवारी दवाखान्याच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, कोंबडी झाला. पाय झटकून उठला. अंग झाडलं. तुरा ताठ करावा तशी टाळू पुढं काढली. जमीन उकरली, दाणा टिपला, शेजारणीला टोचलं. शेजारीण म्हणून भिवा उभा होता, त्यानं ते सोसलं. म्हशी घेऊन आलेली माणसं म्हशी सोडून गोल करून बसली. कुणी हसलं नाही. एक म्हातारी जवळच्या बाईच्या कानात म्हणाली, "ही तलंग हाय बघ, अजून पक्की न्हाई झाली."

मग कोंडीराम पाण्यापाशी गेला. चोच बुडवली, मान वर केली, आणि जोरात डोकं झटकलं. चोच जमिनीला दोन्ही अंगांनी पुसली आणि दूर गेला. पुन्हा उकरलं. पुन्हा पाण्यापाशी आला, पुन्हा चोच बुडवून डोकं झटकलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "हे काय केलंत?"

"पाणी प्याली."

"प्याली कुठं? थुंकली. सगळ्याच असं करतात?"

"व्हय. आमच्या समद्या तसंच पित्यात. मला वाटलं, इंग्लिश हायेत, तोंड पुसत असतील."

डॉक्टरांनी स्कूटर काढली. मोशीला पोचल्या पोचल्या ते शेडमध्ये शिरले, पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड असं झालं की कोंडीराम ते लक्ष देऊन बघायला लागला.

"हे कडू आहे," डॉक्टर म्हणाले. "कडूजार."

कस्तुरानं हळूच सासूकडं बघितलं. गिरजाबाई जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी लपवलं नाही.

"मंग? मीच घालती पहाटंचं काडेचिराईत. मागं कोंबड्यांच्या सर्दीला तुमीच न्हवं का पाण्यातनं औषद दिलं हुतं? तुमचं संपलं. म्हटलं, आपलं चालू ठेवावं. घरात समद्यांना चालतंय."

तहानेल्या कोंबड्या खातील कमी आणि अंडी घालतील त्याहून कमी, हे डॉक्टरांना एका क्षणात उमगलं. पण गिरजाबाईंच्या डोळ्यांकडं बघून ते सरळ बोलले नाहीत. जवळ जाऊन उकिडवे बसले.

"आजी, औषध चांगलंच आहे. पण मला सांगा, बाळंतिणीला तुम्ही काडेचिराईत पाजता?"

"छ्या. बाळंतिणीला डिंकाचा लाडू."

"बघा. मग ह्या तर रोजच्या बाळंतिणी."

गिरजाबाईंनी विचार केला. जात्यावरचा हात थांबला. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"खरं हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "उद्यापासनं डिंकाचा लाडू कुस्करून घालती."

"नको, आजी," डॉक्टर गडबडीनं उठले. "साधं पाणी. गार, स्वच्छ, भरपूर. लाडू मला द्या."

भांडी घासून धुतली, साधं पाणी भरलं. कोंबड्या चोची बुडवून इतका वेळ पीत राहिल्या की कस्तुराला त्यांची लाज वाटली. महिनाभरात टोपल्या पुन्हा भरायला लागल्या. गिरजाबाई अंडी मोजायला स्वतः यायला लागल्या आणि गावभर सांगायच्या, कोंबड्या बाळंतीण झाल्यात, त्यांच्यासमोर मोठ्यांदा बोलू नका. डॉक्टरांना मात्र लाडू दर थंडीला पोचत राहिले.

अठ्ठ्याहत्तरला खांबेट्यांची बदली मराठवाड्यात झाली. नवीन आलेले डॉक्टर तरुण होते. त्यांच्याकडं चांगला सूक्ष्मदर्शक होता, आणि त्यांना कोंडीरामची काही गरज नव्हती. त्यांनी त्याला नमस्कार करून खुर्ची दिली, आणि खुर्चीत बसून आजारी कोंबडी होता येत नाही. कोंडीराम थोडे दिवस उदास राहिला. कस्तुराला बरं वाटलं, पण मग भाकरी खाताना नवरा फक्त भाकरीच खातो हे तिला बघवेना. तिनंच नव्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "तुमच्याकडं बायकांचं कोंबड्यांचं शिबिर असतं. यांना बोलवा. काचेतलं बायकांना काय दिसणार? ह्यांचं समद्यांना दिसतं."

मग शिबिरात कोंडीराम जायला लागला. चाकण, राजगुरुनगर, कधी मावळातल्या गावांत. डॉक्टर फळ्यावर समजावून सांगत आणि बाजूला कोंडीराम करून दाखवी. बायका पदर तोंडाला लावून हसत, पण विसरत नसत. त्यांनी आजारांना आकडे दिले. मान फिरली की कोंडीराम पहिला, पाय ताणला की कोंडीराम दुसरा, घरघर लागली की तिसरा. दवाखान्यात येऊन बायका सरळ सांगत, "डॉक्टर, माझ्याकडं कालपासनं कोंडीराम दुसरा चालू झालाय."

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात कोंडीराम कामानिमित्त रावेतला गेला होता. तिथं शिबिरातल्या सुमनताई राहत होत्या. त्यांनी त्याला रस्त्यात ओळखलं आणि हातानं ओढतच शेडकडं नेलं.

"भाऊ, बघा. कोंडीराम दुसरा. चांगली अंड्यावरची कोंबडी हाय, जीव तुटतोय माझा."

कोंबडी एक पाय वर धरून उभी होती. कोंडीराम तिच्यासमोर बसला. तिनं त्याच्याकडं एका डोळ्यानं बघितलं, त्यानं तिच्याकडं. मग त्यानं डोकं हलवलं.

"ताई, दुसरा असा न्हाई. दुसऱ्यात पाय पसरतो, उचलत न्हाई." त्यानं तो पसरून दाखवला. मग कोंबडीला काखेत घेतलं, पंजा उलटा केला. तळव्यात बाभळीचा काटा रुतला होता. त्यानं नखानं तो उपसला, जरा हळद लावायला सांगितली आणि कोंबडीला खाली सोडलं. तिनं दोन पावलं जपून टाकून बघितली आणि मग ती दाण्यांच्या भांड्याकडं धावत गेली, जणू काही झालंच नव्हतं.

सुमनताई चहा ठेवायला आत गेल्या. कोंडीराम तिथंच बसून राहिला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं एक पाय उचलला, काटा रुतल्यासारखं तोंड केलं आणि दोन पावलं जपून टाकली. हे त्याच्याकडं अजून नव्हतं. त्यानं ते पुन्हा एकदा केलं, जरा हळू. चहा घेऊन आलेल्या सुमनताई दारातच थांबल्या आणि त्याचं पूर्ण होईपर्यंत कपबशी हातात धरून उभ्या राहिल्या.